‘धिस बुक सेल्स वेल’ बरोबर कसं? पुस्तक काय विकतं?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. पुस्तक विकलं जातं, मग ‘इज सोल्ड’ का नाही? आणि हे कुठल्याही क्रियापदाला चालतं का?

प्रतिसाद १ : मराठीतून बघा. ‘तोडणे’ला ‘तुटणे’ आहे, तसं ‘विकणे’ला ‘खपणे’ आहे. ‘पुस्तक चांगलं खपतं’ म्हणताना विकणारा मनातही येत नाही. इंग्रजीत या दोन्ही कामांना ‘सेल’च येतं. ‘इज सोल्ड ॲट स्टेशन्स’मध्ये कुणीतरी विकतंय, ‘सेल्स वेल’मध्ये पुस्तकाचा गुण सांगितलाय. म्हणूनच त्यापुढे ‘बाय द पब्लिशर’ जोडलं की वाक्य चुकतं. ‘वेल’, ‘इझिली’सारखा शब्दही बहुतेकदा लागतोच. नुसतं ‘धिस ब्रेड कट्स’ अर्धवट वाटतं, ‘कट्स इझिली’ पूर्ण. नकार असला तर मात्र तेवढ्यावर भागतं : ‘द डोअर वोन्ट लॉक’.

प्रतिसाद २ : कुठल्याही क्रियापदाला नाही चालत. क्रियेमुळे वस्तूत काही बदल होतो, अशी बरीच क्रियापदं चालतात : कट, वॉश, पील, फोल्ड, टेअर. ‘रीड’ आणि ‘ट्रान्सलेट’सुद्धा. पाहण्याने किंवा माहीत असण्याने वस्तूला काहीच होत नाही, म्हणून ‘धिस स्टार सीज इझिली’ चूक.
‘द ग्लास ब्रोक’ यात मिसळू नका. तिथे एकदा घडलेली गोष्ट आहे, ग्लास आपोआपही फुटू शकतो, आणि ‘इझिली’ची गरज नाही.

प्रतिसाद ३ : परीक्षेच्या व्याकरणात याला ‘क्वासी-पॅसिव्ह’ म्हणतात. ‘हनी टेस्ट्स स्वीट’चा प्रयोग बदला म्हटलं, तर ‘हनी इज स्वीट व्हेन इट इज टेस्टेड’ हे ठरलेलं उत्तर लिहा. बोलताना असं कुणी म्हणत नाही, ते उत्तरपत्रिकेपुरतंच ठेवा. इथे ‘स्वीटली’ नको, कारण मध कसा आहे ते सांगायचंय, चाखण्याची रीत नव्हे. ‘सेल्स’पुढे ‘वेल’ आणि ‘टेस्ट्स’पुढे ‘स्वीट’, या फरकावर गुण हमखास जातात.
तशीच दुसरी चूक ‘माय बाइक नीड्स टू रिपेअर’. याचा अर्थ बाइकच काहीतरी दुरुस्त करणार! ‘नीड्स रिपेअरिंग’ किंवा ‘नीड्स टू बी रिपेअर्ड’ लिहा. ‘नीड्स बीइंग रिपेअर्ड’ नको, ‘नीड्स’नंतरच्या ‘-इंग’मध्ये कर्मणी अर्थ आधीच आहे.

प्रश्नकर्ती : मग ‘हाउस टू लेट’ही यातलंच?

प्रतिसाद १ : अर्थाने हो, घर भाड्याने दिलं जाणार आहे. पण ते रूढ झालेलं रूप आहे, ‘ही इज टू ब्लेम’सारखं. ही दोन तशीच पाठ करा.