परदेशी पर्गोलाच्या पाटीवर ‘१२० मैल’. आपल्या ४४ मीटरशी ताडून कसं पाहायचं?

खांबचार: अंगणात चार खांबांवर उभा करायला पर्गोला, म्हणजे अमेरिकेत बनलेलं, फिरत्या पट्ट्यांचं अॅल्युमिनियमचं छप्पर घेतलंय. ४ बाय ३ मीटर, वजन २८० किलो. पाटीवर वाऱ्याचा वेग ताशी १२० मैल, म्हणजे सेकंदाला ५३.६ मीटर. आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, त्याच्या नकाशात माझा भाग सेकंदाला ४४ मीटरचा आहे. ५३ म्हणजे ४४ पेक्षा भरपूर जास्त, मग काळजी कसली? तरी परवानगीचा कागद करणारा इंजिनिअर सही करत नाहीये.

उचलबोल: त्याचं बरोबर आहे. दोन्हीकडे वाऱ्याचा ३ सेकंदांचा झोतच मोजतात, तिथे घोळ नाही. घोळ आवृत्तीचा आहे. एएससीई ७ या अमेरिकी मानकाच्या २०१० च्या आवृत्तीपासून नकाशात ‘अंतिम’ वेग देतात, साध्या इमारतींसाठी ७०० वर्षांच्या परतावा-काळाचा, म्हणजे सरासरी ७०० वर्षांत एकदा ओलांडला जाणारा. आपला ४४ हा ५० वर्षांचा. भार वाढवून धरायचा सुरक्षिततेचा गुणक आपण नंतर लावतो, तिकडे तो वेगातच मुरलेला असतो. तुमचे १२० त्यातले असतील तर १.६ च्या वर्गमुळाने भागा. उरतात ९५ मैल, म्हणजे ४२.४ मीटर. झाले ना ४४ पेक्षा कमी! पाटी २००५ च्या आवृत्तीवरची असेल तर मात्र भागू नका. म्हणून आधी आवृत्ती विचारा.

युरोपचा माल असता तर अजून मजा. तिथे १० मिनिटांची सरासरी धरतात. तिथले २७ आपल्या झोतात साधारण ३९ भरतात.

खरं तर वेग विचारूच नका. छप्पर चौरस मीटरला किती किलोन्यूटन उचल, म्हणजे वाऱ्याची वर खेचणारी ओढ, सोसतं ते लेखी मागा. ४४ ला दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन. बाजूंनी उघड्या छपराचा गुणांक (दाबाचा किती हिस्सा उचल होतो तो) ढोबळ १ धरला तर १२ चौरस मीटरवर जवळपास १,४०० किलोची उचल. तुमचे २८० वजा करा. उरलेलं चार खांबांनी धरायचंय, आणि सुरक्षिततेचा गुणक अजून लावलेलाच नाही.

पट्टीवाला: बरेचदा पाटीवरचा आकडा पट्ट्या उघड्या असतानाचा असतो. उघड्या पट्ट्यांतून वारा निघून जातो, मिटल्या की तेच छप्पर पंख होतं. कंपनीच्या चाचणी-अहवालात कोणती स्थिती आहे ते बघा. आणि पट्ट्या आपोआप उघडणाऱ्या सेन्सरवर हिशेब बेतू नका, वादळात आधी वीजच जाते.

खांबचार: अहवाल मागवला. आवृत्ती २०१६ ची. पट्ट्या उघड्या. खांब धरणारे अँकर बोल्ट १५० मिलिमीटर काँक्रीटमध्ये. आणि माझे खांब उभे राहणार होते लादीवर, खाली नुसता मसाला! मिटलेल्या पट्ट्यांचा आकडा पुन्हा मागितलाय. तोवर चार कोपऱ्यांतल्या लाद्या काढून घेतोय. खड्डे किती खोल?

उचलबोल: खोली मी इथून सांगणार नाही. सही न करणाऱ्यालाच विचारा, माणूस कामाचा आहे.