मदत हवी आहे: शाळा आवक नोंदवही दाखवत नाही, माहिती अधिकाराच्या प्रथम अपिलात काय मांडू?

नमस्कार. भाचीसाठी लिहितेय. तिची ओळख पटेल असं काही सांगणार नाही, कृपया गाव-शाळा विचारू नका.

शाळेतल्या एका कर्मचाऱ्यावर पोक्सोखाली गुन्हा दाखल आहे, खटला चालू आहे. माझा प्रश्न शाळेबद्दल आहे. बहिणीने आधी मुख्याध्यापिकांकडे लेखी अर्ज दिला होता. १९ दिवस शाळेने पोलिसांना कळवलं नाही, शेवटी बहीणच ठाण्यात गेली. शिक्षण विभागाच्या चौकशीत बाईंचा जबाब काय, तर "असा अर्ज मिळाल्याचे स्मरत नाही." आमच्या प्रतीवर शाळेचा गोल शिक्का आहे, क्लार्कची सही आहे, तारीख आहे. आवक क्रमांकाची (आलेल्या पत्राला नोंदवहीत मिळणाऱ्या क्रमांकाची) जागा मात्र कोरी सोडलेली. त्या कोऱ्या जागेवरच सगळं अडलंय.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. शाळा अनुदानित आहे आणि तिथल्या जनमाहिती अधिकारी, म्हणजे अशा अर्जांना उत्तर देणाऱ्या, खुद्द मुख्याध्यापिकाच! पहिल्या अर्जात मी "पोलिसांना का कळवलं नाही?" असं विचारलं, तर "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही" असं उत्तर आलं. ठीक, 'का' विचारायला नको होतं, ती माझी चूक. दुसऱ्या अर्जात त्या महिन्याची आवक नोंदवहीची पानं आणि सखी सावित्री समितीच्या (मुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) बैठकांची इतिवृत्तं मागितली. आता म्हणतात, "त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ)." कलम १० प्रमाणे नावं झाकून बाकीचं पान देता येतं ना? आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नुसार त्यांचीच ना?

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ मध्ये १ वर्षापर्यंत कैद आहे. त्यासाठी शाळेला कधी कळलं ती तारीख हवी. नोंदवहीत त्या दिवशीचे क्रमांक सलग असतील किंवा मध्येच एखादा खाडाखोड केलेला असेल, काहीही असो, ते पान डोळ्यांनी बघायचंय. भाची रात्री झोपताना आईला विचारते, "बाईंना माहीत होतं ना गं?" काय सांगायचं तिला?

कुणी अशी सुनावणी लढवली आहे का? प्रती मिळत नसतील तर मूळ नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी मागावी का? की सरकारी वकिलांमार्फत न्यायालयातूनच ती मागवून घेणं जास्त खात्रीचं? सुनावणी येत्या मंगळवारी आहे, बोलायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात म्हणे. आधी काय मांडू?