आत्याच्या अपरोक्ष वाटलेल्या पैठण्या

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जे महाभारत झालं ते एका शब्दावरून झालं, आणि मी अजून त्यातून पूर्ण बाहेर आलेली नाहीये, म्हणून लिहितेय.

झालं असं की आजीच्या चार पैठण्या होत्या. मे महिन्यात त्यांची वाटणी झाली तेव्हा आत्या नाशिकला होती, तिला कोणी फोनसुद्धा केला नाही. परवा रात्री साडेअकराला तिने ग्रुपवर टाकलं, "माझ्या अपरोक्ष पैठण्या वाटल्या गेल्या, हे मला अजिबात आवडलेलं नाही." सगळे चिडीचूप. मेसेज सगळ्यांनी वाचलेला दिसतोय पण उत्तर कोणी देत नाहीये. मग काका, ज्यांनी त्या वाटणीत स्वतः पुढाकार घेतला होता, त्यांनी लिहिलं, "माई, अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. तुझ्या डोळ्यांसमोर वाटल्या तर तक्रार कसली?"

आता मुद्दा किती चलाखीने टाळला ते बाजूला ठेवू, पण काका शब्दाच्या बाबतीत चूक नाहीत हो. पर म्हणजे पलीकडे आणि अक्ष म्हणजे डोळा, तर परोक्ष म्हणजे नजरेच्या पलीकडे, म्हणजे आपण नसताना. त्याला अ लावला की उलट, नजरेच्या पलीकडे नसलेलं, म्हणजे समोरचं. शंकराचार्यांच्या नावावर जी 'अपरोक्षानुभूति' आहे तिचा अर्थ प्रत्यक्ष अनुभव असाच आहे, कोणी नसताना गुपचूप घेतलेला अनुभव असा नाही. आणि ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना 'परोक्षे लिट्' हे पाणिनीचं सूत्र आठवत असेल, बोलणाऱ्याने स्वतः पाहिलं नाही अशा भूतकाळासाठी लिट्, बभूव, चकार वगैरे. म्हणजे आत्याला संस्कृतमध्ये भांडायचं असतं तर पैठण्या वाटल्या गेल्या याला तिने लिट् लकारच वापरला असता.

पण मराठीत मी आजूबाजूला कान देऊन ऐकलं तर दहातले नऊ जण अपरोक्ष हा शब्द 'मी नसताना' याच अर्थाने वापरतात. माझा अंदाज असा की प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष ही जोडी आपल्या तोंडात इतकी बसलीये की अ आला की गोष्ट समोर नाही, असं कानच ठरवून टाकतो, शिवाय नुसतं परोक्ष आपण फार कुठे म्हणतच नाही (हिंदीत परोक्ष कर असतो, आपल्याकडे तोच अप्रत्यक्ष कर) त्यामुळे तो शब्द एकटा उभा राहिला की अर्धवट वाटतो, आणि मग आपण त्याला प्रेमाने एक अ चिकटवून देतो.

आत्याचं उत्तर मात्र एका ओळीचं होतं. "मला काय म्हणायचंय ते तुला कळलं ना दादा? मग झालं तर."

खरं सांगायचं तर या वाक्यापुढे बोलायला फारसं काही उरत नाही. पण काकांकडे महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड आहेत, दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात काढलेले, आणि ज्या माणसाच्या घरात सात खंड असतात तो एका ओळीने गप्प बसत नाही. त्यांनी लिहिलं की शब्दाला आईबाप असतात, उद्या कोणीही कोणालाही बाप म्हणेल ते चालेल का. इथे मी मध्ये पडले, आणि चूक केली.

मी म्हटलं, काका, आईबापाचंच काढायचं तर शिकस्तचे आईबाप बघा. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं, हार. आपण काय म्हणतो, प्रयत्नांची शिकस्त केली. यावर इंदूरच्या वहिनी लगेच ग्रुपवर अवतरल्या, त्या जन्मापासून तिकडच्या, घरी मराठी आणि बाहेर हिंदी, त्यांनी सांगितलं की लग्न होऊन नवीन असताना कोणीतरी म्हणालं, मामांनी निवडणुकीत प्रयत्नांची शिकस्त केली, तर त्या म्हणाल्या अरेरे, किती मतांनी? कारण हिंदीत शिकस्त दिली म्हणजे हरवलं, शिकस्त खाल्ली म्हणजे हरले. योगायोगाने मामा हरलेच होते, त्यामुळे त्या वेळी कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मोडेपर्यंत जोर लावला म्हणून शिकस्त असं काहीतरी झालं असणार असं मला वाटतं, पण बघा ना, हारीचा शब्द घेऊन आपण त्याला जिद्दीचा करून टाकला.

वहिनींनी मग राजीनाम्याचंही काढलं. तिकडे कोर्टात राजीनामा झाला म्हणजे दोन्ही पार्ट्यांचं आपसात जमलं, तडजोड झाली, शब्दातच आहे ना, राजी असल्याचा कागद. नोकरी सोडायची तर इस्तीफा. आणि आपल्याकडे राजीनामा म्हणजे सहसा कोणीतरी अजिबात राजी नसताना घेतलेला कागद! काकांनी याला हसण्याची इमोजी टाकली. याची नोंद घ्यावी, त्यांच्याकडून इमोजी येणं म्हणजे सन्मानच.

तर माझं म्हणणं असं होतं की शिकस्त चालते, राजीनामा चालतो, तर अपरोक्षने काय घोडं मारलंय. आणि उदाहरण म्हणून मी उत्साहाच्या भरात लिहिलं, "पैठणीच्या संभावित दावेदारांची यादी करून विषय संपवूया."

झालं! काकांनी मला धरलंच. संभावित म्हणजे काय गं? मी म्हटलं, शक्य असलेले, होऊ शकतील असे. तर म्हणे ते हिंदीतलं. मराठीत संभावित म्हणजे प्रतिष्ठित, ज्याला चार लोक मान देतात असा माणूस. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला तेच सांगतोय, संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते, मानी माणसाला बदनामी मरणाहून वाईट. तिथे 'होऊ घातलेल्या माणसाला' असा अर्थ लावला तर अर्जुन रथातून उतरून घरीच गेला असता. आणि मराठीने त्या शब्दाला पुढे आणखी एक खोच दिली, तो मोठा संभावित आहे असं एका विशिष्ट सुरात म्हटलं की त्याचा अर्थ दिसतो सज्जन पण आत वेगळंच. म्हणून पेपरात 'संभावित उमेदवारांची यादी' असं वाचलं की काका चहा खाली ठेवून म्हणतात, चला, कोणीतरी खरं छापलं.

इथे मात्र मी पटकन हरले, कारण मला हा फरक खरंच आवडला. शिकस्तचा जुना अर्थ मराठीत बोलणाऱ्याच्या मनात नसतोच, त्यामुळे नवा अर्थ कोणाच्या पायात येत नाही. संभावितचं तसं नाहीये, जुना अर्थ अजून जिवंत आहे, टोमण्यासकट जिवंत आहे, आणि वर संभाव्य हा साधा सरळ शब्द आपल्याकडे होताच. असलेला शब्द बाजूला सारून दुसऱ्या कामावरचा शब्द इकडे ओढायचा, मग तिकडची जागा रिकामी. आणि अपरोक्षचं सगळ्यात वाईट, कारण तिथे दोन अर्थ एकमेकांच्या बरोब्बर उलट आहेत. वाक्य वाचून कळत नाही की माणूस तिथे होता की नव्हता. असा शब्द बरोबर की चूक यापेक्षा तो वापरून उपयोग काय, असं माझं मत झालंय. एखाद्या करारात 'दोन्ही पक्षांच्या अपरोक्ष' असं कोणी लिहिलं तर वकिलांची दोन वर्षं आरामात जातील.

चुकांचा विषय निघालाच आहे तर माझीही एक सांगून टाकते. मी कित्येक वर्षं साक्षेपी म्हणजे सारखे आक्षेप घेणारा असं समजत होते. साक्षेपी संपादक असं वाचलं की मला लाल पेन घेऊन बसलेला, कपाळाला आठ्या घातलेला माणूस दिसायचा, आणि संपादक लोकांकडे पाहून तो अर्थ चुकीचा आहे असं कधी वाटलंही नाही. ऑफिसातल्या एका सरांच्या निरोप समारंभात मी त्यांचं कौतुक करताना "सर साक्षेपी असले तरी मनाने चांगले" असं माइकवर बोलले होते. सर हसले, मला वाटलं आवडलं. मग कधीतरी दासबोधात ती ओळ भेटली, चौथा अत्यंत साक्षेप, फेडावे नाना आक्षेप. एकाच ओवीत दोन्ही! साक्षेप म्हणजे नेटाने, काळजीपूर्वक केलेला उद्योग, आणि समर्थ म्हणतायत की तो ठेवा आणि लोकांचे आक्षेप दूर करा. माझ्यासारख्यांसाठीच लिहून ठेवल्यासारखं आहे ते. पण मूळ शब्द सोडवायला गेलं तर स आणि आक्षेप असाच सुटतो, म्हणजे मी अगदीच काही हवेत नव्हते. (काकांना हे पटलेलं नाही.)

वहिनींनी मध्येच विचारलं की हे जे भाईसाहेब प्रत्येक मेसेजखाली लिहितायत त्याला मराठीत काय म्हणतात. मी म्हटलं मल्लिनाथी. आणि मग तो शब्द आमच्या सगळ्या भांडणाचा कळसच निघाला. मल्लिनाथ हा कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार, टीकाकार म्हणजे अर्थ उलगडून सांगणारा, त्याने स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, नामूलं लिख्यते किञ्चित् नानपेक्षितमुच्यते. म्हणजे आधाराशिवाय काही लिहित नाही आणि गरज नसलेलं काही बोलत नाही. आणि मराठीने त्याच्या नावाचं काय केलं? कोणी न विचारता मध्येच मारलेला तिरकस शेरा म्हणजे मल्लिनाथी! बिचाऱ्याने सांगून ठेवलं होतं हो, पण आपण ऐकतोय कशाला. आता काकांच्या न्यायाने जायचं तर कोणी मल्लिनाथी केली म्हणजे त्याने साधार आणि मोजकं लिहिलं असं धरावं लागेल. हे मी ग्रुपवर टाकल्यावर काका पंधरा मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत होते आणि शेवटी आलं काय तर, "ते वेगळं."

का वेगळं ते सांगितलं नाही. मला विचाराल तर खरंच वेगळं आहे, मल्लिनाथी म्हटल्यावर कोणाचा गोंधळ होत नाही, पण ते काकांनी कबूल केलं तर आत्याचं 'तुला कळलं ना, मग झालं' हे निम्मं तरी मान्य करावं लागतं.

आत्या एवढा वेळ गप्प होती. आम्ही फारसी, गीता, दासबोध सगळं फिरून आलो तेव्हा तिचा मेसेज आला, "बरं बाबा, अपरोक्ष नको. माझ्यामागे पैठण्या वाटल्या. आता तरी बरोबर ना?"

काका म्हणजे काका. लिहितात, "माझ्यामागे म्हणजे माझ्यानंतर, मी गेल्यावर, असाही अर्थ होतो. तू तर अजून..."

"दादा," आत्याने लिहिलं, "बांगडीमोराची पैठणी दे."