उन्हात सायकलिंग: गार पाण्याची बाटली कुठली घ्यावी?

रामटेकवारी (नागपूर)

दर रविवारी पहाटे पाचला सदरमधून निघते. कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक आणि परत, शंभरेक किलोमीटर होतात. जाताना मजेत. परतीला साडेआठ वाजले की पाठीवर ऊन चढतं आणि बाटलीतलं पाणी चहाच्या आधणासारखं होतं. मागच्या रविवारी मनसर सोडल्यावर दोन घोट घेतले तर मळमळायला लागलं. डोक्यावर ओतलं, तेही गरम! मग पिणंच टाळलं आणि घरी पोचेपर्यंत कपाळ ठणकत होतं. चूक कळते आहे, पण ते पाणी खरंच घशाखाली उतरत नाही.

आत्ता ७५० मिलीच्या दोन साध्या बाटल्या आहेत. दुहेरी भिंतीची, दाबून प्यायची बाटली (पोडियम चिल, पोलर वगैरे) घ्यावी की स्टीलचा थर्मास? नवरा म्हणतो, घरात तीन थर्मास धूळ खात पडलेत, त्यातला ने. नेऊन पाहिला, पण माझी फ्रेम लहान, ४८ सेंटिमीटरची, थर्मास वरच्या नळीला अडतो. दीड हजारापर्यंत खर्चाची तयारी आहे.

चढउतार (पुणे)

पोडियम चिल तीन उन्हाळे वापरतोय. एक गोष्ट आधीच सांगतो: दुहेरी भिंतीमुळे आतली जागा कमी होते. चिलमध्ये ६२० मिली मावतं, साधारण त्याच मापाच्या साध्या पोडियममध्ये ७१०. म्हणजे गारव्यासाठी तीन-चार घोट सोडायचे.

गार किती वेळ राहतं? बर्फ घालून भरली तर माझ्या अनुभवात दोन तास, भर उन्हात त्याहून कमी. पाच तासांची अपेक्षा ठेवू नका, तो थर्मास नाही. पण चालत्या सायकलवर एका हाताने काढून, दाबून, परत केजमध्ये (फ्रेमवरच्या बाटलीच्या कडीत) ठेवता येते, आणि हेच महत्त्वाचं. थांबून झाकण फिरवायला लागलं की माणूस कमी पितो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तास असतात, तिथे मी हे स्वतःवर पाहिलंय.

पूर्ण भरून फ्रीझरमध्ये ठेवू नका. एक तृतीयांश पाणी घालून बाटली तिरकी आडवी ठेवा, सकाळी वरून गार पाणी भरा. दुहेरी भिंतीच्या बाटलीत पाणी गोठायलाही जास्त वेळ लागतो, तेव्हा संध्याकाळीच ठेवलेली बरी. स्टीलचा थर्मास मात्र फ्रीझरमध्ये कधीच नको, बर्फ फुगून आतली भिंत वाकवतो.

काका अकोलेवाले

ताई, काहून एवढा खर्च करता? आमच्या बुढ्याच्या बैलगाडीले छागल लटकलेली राहे. कॅनव्हासची पिशवी, बाहेरून झिरपून ओली, वारा लागला की आतलं पाणी गारेगार. माठाचीच युक्ती हाय ते. तुम्ही जुना सुती पायमोजा घ्या, भिजवा, साध्या बाटलीवर चढवा. सायकलचा वारा फुकट हाय. अर्ध्या तासाने मोज्यावर थोडं पाणी शिंपडा.

पण हे दुहेरी भिंतीच्या बाटलीवर करू नका बाप्पा. बाहेरचा गारवा आत जाईनच कसा? भिंत दोन्हीकडून अडवते ना.

आन पाणपोई दिसली की थांबत जा. रांजणातलं पाणी कोणत्याबी बाटलीपेक्षा चांगलं.

घाटवळण (चिपळूण)

काकांचा मोजा विदर्भात चालेल, आमच्याकडे नाही. मे महिन्यात हवाच इतकी दमट की मोजा नुसता ओला राहतो, वाळतच नाही, मग गारवा कसला! माझी भिस्त थर्मासवर. सकाळी सहाला टाकलेला बर्फ दुपारी बारालाही खडखडतो.

पण केजमध्ये नको. सायकलच्या बाटलीचा व्यास ७३-७४ मिलिमीटर असतो, थर्मास त्याहून जरा बारीक असला तर खड्ड्यात उडी मारतो. माझा कुंभार्ली घाटात असाच उडाला. मागून ट्रक नव्हता म्हणून हसत सांगतोय. आता हँडलला लटकणाऱ्या पिशवीत उभा ठेवतो. लहान फ्रेमची तुमची अडचणही सुटेल. थर्मास म्हणजे कोठार, प्यायची बाटली वेगळी. वाटेत एकातून दुसरीत ओतायचं.

आणि नुसतंच पाणी पिऊ नका. एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. हे प्लास्टिकच्या बाटलीत घेतलंत तर घरी आल्याआल्या तोटी उघडून ब्रशने घासा, नाहीतर आठवड्यात आत काळी बुरशी.

रामटेकवारी (नागपूर)

सगळ्यांचे आभार. काल सगळंच करून पाहिलं. एक दुहेरी भिंतीची बाटली घेतली, दुसऱ्या केजमध्ये जुनी साधी बाटली, तिच्यावर नवऱ्याचा पायमोजा. हँडलच्या पिशवीत अर्धा लिटरचा थर्मास.

रामटेकला पोचेपर्यंत नव्या बाटलीत बर्फाचा एक तुकडा शिल्लक होता. परतीला आठच्या सुमारास तिच्यातलं पाणी कोमट, पण मोज्यातलं अजून पिण्यासारखं! काका, मानलं. फक्त मोजा खालपर्यंत ओढला होता, त्यामुळे बाटली केजमध्ये इतकी घट्ट बसली की काढताना तोल गेला. आता मोजा कापून वरच्या अर्ध्या भागापुरताच ठेवणार. कन्हानच्या पुलाच्या अलीकडे झाडाखाली थांबून थर्मासमधलं लिंबूपाणी ओतून घेतलं. दात शिवशिवतील इतकं गार होतं.

डोकं दुखलं नाही. पुढच्या रविवारी साडेचारलाच निघणार आहे.

थर्मासला लिंबाचा वास लागलाय आणि नवऱ्याला आजच ऑफिसात चहा न्यायचाय. तीन थर्मास आहेत, पण त्याला नेमका तोच हवा आहे. सोडा आणि गरम पाणी टाकून ठेवलंय. अजून कशाने वास जातो, कोणी सांगेल का?

काका अकोलेवाले

मोजा धुतला होता ना आधी?