परदेशात जन्मलेलं मूल आणि एक वर्षाची मुदत: नोंद ही अट कशाला?

परभृता

ओळखीतलं एक जोडपं लीड्सला असतं. दोघांचे पासपोर्ट भारतीय, नवरा वर्क व्हिसावर. मुलगी तिकडेच झाली, तिथल्या रजिस्ट्रारने जन्मदाखला दिला आणि इकडे आजीने पेढे वाटताना 'नात ब्रिटिश झाली' असं जाहीरही करून टाकलं. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नुसतं जन्मून नागरिकत्व मिळत नाही, आईबापांपैकी एक तरी ब्रिटिश किंवा कायमचा स्थायिक लागतो, हे त्यांना कळलं ते पोरगी दीड वर्षाची झाल्यावर, भारतात यायची तिकिटं काढताना. म्हटलं, ठीक आहे, भारतीय तर आहेच. तर तेही नाही!

आपल्या नागरिकत्व कायद्याच्या (१९५५) कलम ४ मध्ये ३ डिसेंबर २००४ पासून अट आहे: परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवला, तरच ते वंशाने भारतीय. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी.

भारतात जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. उशीर झाला तर विलंब शुल्क, वर्षापेक्षा जास्त झाला तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणा. कटकट आहे, पण वडील महापालिकेत गेले नाहीत म्हणून ससूनमध्ये जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व कुणी अडवत नाही. परदेशात मात्र आळस बापाचा आणि शिक्षा तान्ह्या पोरीला. माझं म्हणणं एवढंच: नोंद हा पुरावा असू दे, अट नको. उशिरा येणाऱ्यांकडून दंड घ्या, सणसणीत घ्या.

नियमानंद

साफ असहमत. बारशाचा हॉल वेळेवर मिळतो, फोटोग्राफर मिळतो, फक्त वकिलातीत जायला वर्षभरात सवड होत नाही? आणि दार बंद कुठे केलंय? उशीर झाला तर कारण सांगा, परवानगी मागा.

मुदत का हवी तेही सांगतो, आणि उदाहरण तुमच्याच ब्रिटनचं देतो. तिथे जन्मलेलं मूल कुठल्याच देशाचं नागरिक नसेल, तर पाच वर्षं तिथे राहिल्यावर त्याला ब्रिटिश म्हणून नोंदवून घेता येतं. मग काही भारतीय पालकांनी काय केलं? वकिलातीत नोंदच करायची नाही. वर्ष जाऊ द्यायचं आणि म्हणायचं, बघा, आमचं मूल कुणाचंच नाही! २०१७ साली तिथल्या हायकोर्टात असंच एक प्रकरण गेलं. आईबाप भारतीय, मुलीची नोंद नाही. कोर्टाने तिला राज्यविहीन ठरवलं. शेवटी २०२२ च्या कायद्याने ब्रिटनला ही फट बुजवावी लागली. ज्या मुलाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सहज घेता आलं असतं, त्याला आता तो लाभ नाही.

दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे, ताई.

परभृता

नियमानंद, उदाहरण झकास आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. ती फट मुळात आली कुठून? आपल्या अटीतून! आई भारतीय, बाप भारतीय म्हणजे मूल जन्मतःच भारतीय, नोंद असो वा नसो, असा कायदा असता तर त्या पालकांना 'आमचं मूल कुणाचंच नाही' असं म्हणताच आलं नसतं. लबाडांना हत्यार आपणच दिलं. आणि जे लबाड नाहीत, फक्त गाफील आहेत, ते त्याच कलमात अडकले.

डगरींचं म्हणाल तर त्याची सोय कायद्यात आधीच आहे. दुहेरी नागरिकत्व असलेल्या मुलाने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व आपोआप जातं.

नियमानंद

म्हणजे ज्याची कुठेही नोंद नाही असा माणूस पंचविसाव्या वर्षी येऊन म्हणणार, मी जन्मापासून भारतीय. तपासायचं कसं? जन्माच्या वेळी आईबापांचे पासपोर्ट भारतीयच होते का, तेव्हा मुलाकडे दुसरा पासपोर्ट होता का? आज पालकांना नोंदणीच्या वेळी लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. ते ताजं असताना घेतलेलं बरं. दाखला लीड्सचा, आईबाप लीड्सला, आणि सरकार बसलंय दिल्लीत. नोंदीशिवाय त्याला दुसरा कान कुठला?

मिनेसोटाकर

आमच्याकडे या वादाला कुणी विचारत नाही. मूल जन्मलं की अमेरिकी पासपोर्ट, मग ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड), विषय संपला. भारतीय म्हणून नोंदवून भारतीय पासपोर्ट काढला तरी पंचाईतच, कारण अमेरिकी नागरिकाने अमेरिकी पासपोर्टवरच देशाबाहेर जायचं आणि परत यायचं असा आमच्याकडे कायदा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाही असा ट्रम्प यांचा आदेश निघाला आणि लगेच कोर्टात गेला. त्या आठवड्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर पहिल्यांदा कुणीतरी कलम ४ टाकलं. तोवर तिथे फक्त दिवाळी फराळाच्या ऑर्डरी असायच्या.

(ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे इथे दरवेळी सांगावं लागतं म्हणून सांगतो. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.)

खेडवाला_शारजात

वर्षाचं काय घेऊन बसलात राव? आमच्याकडे १२० दिवस. यूएईत जन्मून नागरिकत्व नाही म्हणजे नाही. बाळाचा भारतीय पासपोर्ट काढायचा आणि त्यावर रेसिडेन्स व्हिसा लावायचा, सगळं १२० दिवसांत, नाहीतर रोजचा दंड सुरू. म्हणून गल्फमधला माणूस वकिलात चुकवत नाही. मुदत असली की कामं होतात, माझं मत नियमानंदांच्या बाजूने.

पण खरी मेख जन्माच्या नोंदीत नाही, लग्नाच्या नोंदीत आहे, आणि त्यावर इथे कुणी बोलत नाहीये. बाळाच्या कागदांसाठी आईबापांच्या लग्नाचा अटेस्ट केलेला दाखला लागतो. आमच्या खेड-दापोलीकडे निकाहनामा काझींच्या वहीत, उर्दूत. तो घेऊन टायपिंग सेंटरमध्ये (इथे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान) गेलात तर तिथला पोरगा वरपासून खालपर्यंत बघतो आणि हसून परत देतो. आधी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे विवाह नोंदणी करायची, मग त्या दाखल्यावर महाराष्ट्र शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा, आणि इकडे आल्यावर इथल्या मंत्रालयाचा. बायकोला सातवा लागलाय आणि मेहुणा दाखला घेऊन मुंबईच्या फेऱ्या मारतोय, असं चित्र घरोघरी.

त्यात नावं. पासपोर्टवर बायकोचं माहेरचं नाव, मधे तिच्या वडिलांचं. विवाह दाखल्यावर सासरचं, मधे नवऱ्याचं. तिसऱ्या कागदावर हाकेचं नाव. समोरच्या कारकुनाच्या दृष्टीने या तीन बायका झाल्या.

म्हापशेकार

खेडवाले भाऊ, आमच्या गोंयांत हा ताप नाही. पोर्तुगीज काळापासून लग्नाची नोंद सगळ्या धर्मांना सक्तीची. हिंदूंचं म्हणाल तर आधी सिव्हिल रजिस्ट्रारपुढे सह्या, मग अक्षता. सह्या झाल्या नाहीत तर मामा मुलीला मंडपात आणणार नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं आहे.

जन्माच्या नोंदीची मात्र आमच्याकडे उलटी गंमत. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलंबाळं पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्म नोंदवतात. तुमच्या कलम ४ मध्ये नोंद केली नाही म्हणून नागरिकत्व मिळत नाही, आमच्याकडे ती केली म्हणून भारतीय नागरिकत्व जायची पाळी येते. नोंद केली पण पासपोर्ट घेतला नाही, तर काय? या प्रश्नावर गोव्यात आमदारकीपर्यंतचे वाद झालेत. एवढंच सांगायला आलो होतो.

माहेरवाशीण_२

पुरुष मंडळींनी फाटे चांगले फोडलेत. आता एक गोष्ट जी कुणीच काढली नाही. नोंदणीसाठी 'पालकांनी' लिहून द्यायचं असतं. एक पालक गायब असेल तर? नवरा घर सोडून गेला, सही देत नाही, स्वतःच्या पासपोर्टची प्रत देत नाही. बाई परक्या देशात, कडेवर बाळ, आणि तो गायब असल्याचे कागद तिने जमवायचे. तिच्यासाठी ते एक वर्ष म्हणजे नवऱ्याच्या हातातली दोरी आहे. 'सही हवी ना? मग केस मागे घे.' मी अशा बायकांबरोबर काम करते, हे वाक्य मला नवीन नाही.

आणि आईकडून नागरिकत्व ही गोष्ट आपल्याकडे किती उशिरा आली ते बघा. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व फक्त बापाकडून मिळायचं.

लग्नाच्या नोंदीबद्दल खेडवाल्यांशी शंभर टक्के सहमत. २०१९ साली राज्यसभेत विधेयक आलं होतं: अनिवासी भारतीयाने लग्न केलं की ३० दिवसांत नोंद, नाहीतर पासपोर्टवर कारवाई. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानेही २८७ व्या अहवालात अशा लग्नांची नोंद सक्तीची करा म्हणून सांगितलं. सक्ती करायचीच तर तिथे करा. तिथे सक्ती नसली की फसतो तो सज्ञान, धडधाकट नवरा नव्हे, फसते ती बायको. बाळावर सक्ती करून काय मिळवलंत?

नियमानंद

माहेरवाशीणताई, एका पालकाच्या सहीवर नोंद व्हावी, हे मला पटतं. तसा अपवाद नियमातच लिहून टाका, वकिलातीतल्या साहेबाच्या मर्जीवर ठेवू नका. पण अपवाद काढा म्हणजे नियमच काढा, असं होत नाही.

परभृता

नियमच काढा असं मी म्हणतच नाहीये! नोंद सक्तीची ठेवा. ती न केल्याचा परिणाम बदला.

सांगलीचा_तोतो

उशिरा आलो. एक शंका. मी टोकियोजवळ असतो, बायको गरोदर आहे. इथे जन्म १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात कळवायचा आणि ३० दिवसांत बाळाच्या रेसिडेन्सचा अर्ज, हे माहीत आहे. भारतीय वकिलातीतली नोंद लगेच करणार, धागा वाचून घाबरलोय. पण आमचं लग्न झालं सांगलीला आणि नोंद केलेलीच नाही. फक्त पत्रिका आणि अल्बम आहे. इथल्या वकिलातीतच लग्न नोंदवता येईल का? परदेशी विवाह कायदा असा काहीतरी आहे म्हणतात.

खेडवाला_शारजात

नाही येणार. तो १९६९ चा कायदा परदेशात लागलेल्या लग्नांसाठी आहे. तुमचं टोकियोत लागलं असतं तर कलम १७ खाली नोंदवता आलं असतं. सांगलीचं लग्न महाराष्ट्रातच नोंदवायचं. त्यासाठी नमुना 'ड' भरा, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. मुदत ९० दिवसांची असते, पण उशिराचीही होते, दंड भरून. दोघांनाही यावं लागेल, तेव्हा बायकोला विमानात बसू देताहेत तोवर उरकून घ्या. आणि फॉर्मवर नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच लिहा, पत्रिकेतली नकोत.

सांगलीचा_तोतो

भटजी मिरजेचे होते. आता मुलाकडे बंगळुरूला असतात म्हणे. फोन लागत नाही.

परभृता

घ्या नियमानंद. बाळ अजून जन्माला यायचंय आणि त्याचं नागरिकत्व बंगळुरूतल्या भटजींच्या फोनवर येऊन ठेपलंय.

नियमानंद

भटजींचा फोन लागत नाही, त्याला कलम ४ काय करणार? तोतो, भटजीकाकांना व्हॉट्सॲप करून बघा, निळ्या टिका आल्या तर इथे कळवा.