बेटाँग आणि मेसोफेलिया : तुलना कोणत्या मुद्द्यांवर करावी?

प्रश्न : सह्यवासी
तुलनात्मक टिपणासाठी मी टास्मानियातील बेटाँग हा लहान शिशुधानी (पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी आणि तेथील निलगिरीच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारे मेसोफेलिया हे कवक निवडले आहे. आकार, आहार, पुनरुत्पादन असे रकाने आखले, पण प्रत्येक रकान्यात ‘फरक आहे’ याखेरीज लिहिण्यासारखे काही उरत नाही. तुलनेला दुसरा आधार आहे का?

उत्तर : वनरसिक
रकान्यांऐवजी दोघांचा व्यवहार पाहावा. मेसोफेलियाच्या फलकायाला, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या भागाला, बाहेरून कठीण कवच असते, आत भुकटीसारखे बीजाणू आणि मधोमध स्निग्ध, खाण्याजोगा गाभा. छत्रीच्या अळंबीचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. याचे मात्र मातीतच अडकून पडतात, त्यामुळे कोणीतरी उकरून काढल्याशिवाय त्यांचा प्रसार होत नाही. सुमारे दोन किलो वजनाचा, रात्री हिंडणारा बेटाँग वासावरून ते हुडकतो, पुढच्या नख्यांनी उकरतो, कवच फोडून गाभा खातो, आणि या खटाटोपात काही बीजाणू त्याच्या तोंडाला लागतात, तर पोटात गेलेले विष्ठेवाटे शाबूत बाहेर पडतात. हेच कवक निलगिरीच्या मुळांना पाणी व फॉस्फरस पुरवते आणि बदल्यात साखर घेते, म्हणून टिपणात झाडाला वगळू नये.

उत्तर : सूक्ष्मदर्शी
आहाराचा रकाना मात्र ठेवावा. कवकांचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी अधिक जवळचे आहे. दोघेही आपले अन्न स्वतः तयार करत नाहीत आणि दोघेही साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. शिवाय कवक पचायला जड असते, ते बेटाँगच्या जठराच्या पुढच्या भागातील सूक्ष्मजीव आंबवतात.

उत्तर : पाणवठा
वनरसिक यांचे म्हणणे पटते. तरीही ‘दोघे एकमेकांवाचून जगू शकत नाहीत’ असे लिहू नका. बेटाँग बिया, मुळे आणि कीटकही खातो, तर टास्मानियात पोटोरूसारखे इतर प्राणीही जमिनीखालची कवके उकरतात. मला धोक्याची तुलना अधिक बोलकी वाटते. वणव्यानंतरही मुळांशी असलेले कवक टिकते आणि जळलेल्या रानात बेटाँग ते जोमाने उकरतो. कोल्ह्यापुढे मात्र त्याचा निभाव लागला नाही. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाहीसा झाला. कॅनबेराजवळच्या मलिगन्स फ्लॅट अभयारण्यात 2012 मध्ये त्याला पुन्हा सोडले, तेही कोल्हे आणि मांजरे आत येऊ नयेत म्हणून उभारलेल्या कुंपणाच्या आत.