'तारेवरची कसरत' नेमकी कधी म्हणायची?

मुद्रितशोधक:
एका लेखात 'दहावीचा अभ्यास म्हणजे तारेवरची कसरत' असं वाक्य आलंय. खटकतंय, पण लेखकाला कारण काय सांगू? शिवाय एके ठिकाणी 'दोरीवरची कसरत' आहे. दोन्ही चालतं का? आणि तारेवर चालणारे हातात एवढी लांब काठी का धरतात?

पिंपळपान:
खटकायलाच हवं. नुसत्या कष्टाला तारेवरची कसरत म्हणत नाहीत. दोन्ही बाजूंना पडायची भीती हवी. आठ हजार घरभाडं आणि मुलांची फी एकाच पगारात बसवणं ही तारेवरची कसरत. आघाडीचं सरकार चालवणं हीसुद्धा, कारण एका पक्षाला खूश केलं की दुसरा रुसतो. दहावीच्या अभ्यासात दुसरी बाजू कुठली? अभ्यास आणि रोजचा तीन तासांचा क्रिकेटचा सराव असं असेल तर वाक्य चालेल.

क्रियापदही बघा. कसरत 'करावी लागते', 'चालू असते'. 'तारेवरची कसरत पूर्ण केली' कानाला विचित्र लागतं. संपलेल्या गोष्टीला 'समतोल साधला' म्हणावं.

'दोन डगरींवर हात ठेवणे' मात्र वेगळं. त्यात लबाडीची छटा आहे, इथे नाही. 'कोलांटउडी' तर सरळ पलटीच, राजकारणाच्या बातम्यांत रोज भेटते.

खुंटा-दोर:
काठीचं सांगतो. लांब काठीमुळे माणूस कलंडतो तो हळू कलंडतो, म्हणजे सावरायला वेळ मिळतो. फिलिप पेती १९७४ साली न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये तारेवरून चालला, तेव्हा त्याची काठी सुमारे ८ मीटर लांब आणि २५ किलोंच्या आसपास होती. गंमत अशी, की तोल उजवीकडे जातोय असं वाटलं तर काठीचं उजवंच टोक खाली दाबायचं. काठी उजवीकडे फिरते, तिच्या उलट झटक्याने अंग डावीकडे येतं. नवशिक्या नेमकं उलटं करतो आणि पडतो.

सर्कशीतली खालची तार माणसाच्या उंचीच्या आसपास असते. तिथे काठी नसली तरी भागतं, हात, कंबर आणि फार तर छत्री. पाऊल तारेच्या रेषेत, तार अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून, नजर पायाकडे नाही, तारेच्या टोकाकडे.

बिघडतं ते बहुधा तार बांधण्यात. नव्या तारेच्या पिळात वंगण असतं, ते पेट्रोलने पुसलं नाही तर ताण बसल्यावर बाहेर येतं आणि तळवा सरकतो. टोकाला तार दुमडून तिचे दोन पदर क्लिपने आवळतात. ती लावताना तिचा यू आकाराचा बोल्ट तारेच्या मोकळ्या टोकाच्या पदरावर हवा. उलटा लावला तर भार घेणाऱ्या पदरात रुतून तोच कमजोर होतो. ताण दिला की तार किंचित बारीक होते, म्हणून नट पुन्हा आवळायचे. पाऊस पडून गेला असेल तर खुंटे आधी तपासा, ओल्या मातीत ते हलतात. उंच तारेला दोन्ही बाजूंनी आडवे ताणदोर बांधतात, नाहीतर मध्यावर तार झोके घेते. त्या झोक्यांपुढे काठीचं काही चालत नाही.

मुद्रितशोधक:
आणि दोरी?

पिंपळपान:
दोर डोंबाऱ्याचा, तार सर्कशीची. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढली. आपल्याकडे पोलादी तारेवरचे खेळ रुळले ते सर्कशींमुळेच, असा माझा अंदाज. 'दोरीवरची' चूक नाही, पण रुळलंय ते 'तारेवरची'.

खुंटा-दोर:
एक फरक आहे. ताठ तारेवर तार जागेवर राहते, माणूस आपलं वजन तिच्यावर आणत राहतो. ढिल्या दोरावर उलट, अंग शक्य तितकं स्थिर ठेवून पायाने दोरच अंगाखाली ओढून घ्यायचा. ताठ तारेवर शिकलेला माणूस पहिल्यांदा ढिल्या दोरावर चढला की गडबडतो.

मुद्रितशोधक:
मग लेखकाला 'दहावीचं वर्ष आणि सराव सांभाळताना तारेवरची कसरत करावी लागते' असं सुचवतो.